भिंतींना ५५ टक्के, शिक्षकांना दोन तृतीयांश

लॉस एंजेलिसच्या मतदारांनी दीड वर्षाच्या आत आपल्या सरकारी शाळांविषयी दोन कौल दिले. ४ जून २०१९ रोजी त्यांच्यासमोर एका नव्या कराचा प्रस्ताव होता. त्यातून वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर मिळणार होते आणि ते शिक्षक, नर्स, ग्रंथपाल, समुपदेशक यांच्यावर खर्च होणार होते. मतदारांनी तो फेटाळला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच शाळांच्या इमारतींसाठी ७ अब्ज डॉलरचं कर्ज उभारण्याचा प्रस्ताव आला. तो दणक्यात मंजूर झाला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी आणखी ९ अब्ज डॉलर दिले, तेही इमारतींसाठीच.

आपल्याकडच्या वाचकाला यात पहिलं नवल वाटतं ते मतदानाचंच. शाळेच्या छपरासाठी पैसे द्यायचे की नाही, हे लोकांना विचारतात? हो, विचारतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. जो मतदार इमारतीला सढळ हाताने देतो, तोच शिक्षकाच्या वेळी हात आखडता का घेतो? याचं उत्तर थोडं माणसांच्या स्वभावात आहे आणि बरंचसं गेल्या पन्नास वर्षांत रचलेल्या नियमांत आहे. ते नियम एकदा कळले की अमेरिकेतल्या शहरी शाळांची निम्मी रडकथा कळते.

शाळेचं सरकार वेगळं

मुंबई-पुण्यात महापालिका रस्ते करते, पाणी देते आणि शाळाही चालवते. लॉस एंजेलिसमध्ये तसं नाही. तिथल्या सरकारी शाळा 'लॉस एंजेलिस युनिफाइड' नावाचं स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतं. हे एक स्वतंत्र स्थानिक सरकारच आहे. त्याची हद्द शहराच्या हद्दीशी जुळत नाही, आजूबाजूची दोनेक डझन छोटी शहरं पूर्ण किंवा अर्धीमुर्धी त्यात येतात. सात जणांचं मंडळ लोक निवडून देतात. महापौराची तिथे सत्ता चालत नाही. डिस्ट्रिक्ट कर्ज काढतं तेव्हा ते स्वतःच्या नावावर काढतं आणि फेडण्याची जबाबदारी त्याच हद्दीतल्या घरादारांवर, दुकानांवर, कारखान्यांवर पडते.

असे हजारो डिस्ट्रिक्ट अमेरिकेत आहेत आणि लोकांना काय विचारायचं, याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. न्यूयॉर्क राज्यात बहुतेक डिस्ट्रिक्टांत दर मे महिन्यात शाळांच्या अख्ख्या वार्षिक अंदाजपत्रकावर मतदान होतं. न्यूयॉर्क शहर, बफलो, रॉचेस्टर, सिराक्यूज आणि याँकर्स या पाच मोठ्या शहरांत मात्र ते होत नाही. सिअॅटलमध्ये काही वर्षांनी संपणारा 'लेवी' नावाचा मालमत्ता कर लोकांकडून पुन्हापुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. त्यातला एक भाग थेट शाळांच्या रोजच्या खर्चाला, म्हणजे पगारालाही, जातो आणि त्याला साधं बहुमत पुरतं. कॅलिफोर्नियाचा नियम याच्या जवळपास उलटा आहे, म्हणून मी तोच उलगडून सांगतो.

१९७८ सालचा जून महिना

एकेकाळी कॅलिफोर्नियातही शाळांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता कर होता. ज्या भागात महागडी घरं, तिथे कराचा दर कमी ठेवूनही शाळा श्रीमंत. गरीब वस्तीने जास्त दराने कर भरला तरी शाळा गरीबच. लॉस एंजेलिस काउंटीतल्याच (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) दोन डिस्ट्रिक्टांचे आकडे कोर्टासमोर आले होते. १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्स दर मुलामागे १,२३१ डॉलर खर्च करत होतं, तर बाल्डविन पार्क ५७७ डॉलर. आणि बाल्डविन पार्कचे लोक बेव्हर्ली हिल्सच्या दुपटीहून जास्त दराने कर भरत होते. १९७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' या खटल्यात सांगितलं की मुलाचं शिक्षण शेजाऱ्यांच्या संपत्तीवर अवलंबून ठेवणं समानतेच्या हक्कात बसत नाही. १९७६ मध्ये तेच न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितलं.

त्याच काळात घरांच्या किमती झपाट्याने वाढत होत्या आणि त्याबरोबर कराची बिलंही. निवृत्त माणसांना स्वतःच्याच घराचा कर झेपेना. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी 'प्रपोझिशन १३', म्हणजे मतपत्रिकेवरचा १३ क्रमांकाचा राज्यव्यापी प्रस्ताव, मंजूर केला. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. मालमत्ता कर घराच्या करपात्र किमतीच्या १ टक्क्यावर थांबला. ती करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार आणि घर विकलं गेलं की बाजारभावाला येणार. आणि एखाद्या ठरावीक कामासाठी नवा स्थानिक कर लावायचा तर दोन तृतीयांश मतदारांचा होकार हवा.

दोन तृतीयांशाची अट घालणाऱ्या या प्रस्तावाला स्वतःला ६५ टक्क्यांच्या आतबाहेर मतं पडली होती. स्वतः घातलेल्या अटीवर तो स्वतः उतरला नसता. पण साध्या बहुमताने मोठी अट घालता येते आणि मोठी अट ओलांडल्याशिवाय नवा कर लावता येत नाही. पुढचं सगळं या विषम रचनेतून आलं आहे.

स्थानिक कराचा नळ असा आवळला गेल्यावर शाळांचा रोजचा खर्च राज्य सरकारच्या हाती गेला. १९८८ मध्ये 'प्रपोझिशन ९८'ने राज्याच्या तिजोरीतला किमान वाटा शाळांसाठी राखून ठेवला. २०१३ पासून गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि पालकगृहात वाढणाऱ्या मुलांमागे डिस्ट्रिक्टला जास्त पैसे देणारं सूत्र आलं. हे सूत्र मला मनापासून योग्य वाटतं. पण राज्याचं उत्पन्न आयकरावर, म्हणजे चांगल्या-वाईट वर्षांवर हेलकावे खातं आणि त्या हेलकाव्यात शिक्षकांच्या नोकऱ्याही सापडतात. मंदीत तिथे शिक्षकांना कपातीच्या नोटिसा जातात त्या यामुळे.

कर्ज काढायचं म्हणजे काय

इमारतींचं काय? १९७८ नंतर काही वर्षं शाळांना मालमत्ता करावर विसंबून कर्जरोखे काढताच येत नव्हते. १९८६ मध्ये ती वाट पुन्हा उघडली, पण अट दोन तृतीयांशाचीच. २००० सालच्या मार्चमध्ये ही अट साध्या बहुमतावर आणायचा प्रयत्न झाला, तो हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन ३९' आलं आणि मंजूर झालं: शाळांच्या बांधकामाच्या कर्जाला ५५ टक्के मतं पुरे.

व्यवहार असा चालतो. डिस्ट्रिक्टचं मंडळ ठराव करतं की आम्हाला इतक्या रकमेचे रोखे काढायचे आहेत. तो प्रस्ताव निवडणुकीत मतपत्रिकेवर येतो. मंजूर झाला की सगळे पैसे एकदम घेत नाहीत, काम पुढे सरकेल तसे काही वर्षांत हप्त्याहप्त्याने रोखे विकतात. पेन्शन फंड, म्युच्युअल फंड, बचत करणारी माणसं ते घेतात. व्याजावर केंद्राचा आयकर लागत नसल्याने ती कमी व्याजावरही खूश असतात. पुढची पंचवीस-तीस वर्षं मुद्दल आणि व्याज फेडायचं ते मालमत्ता कराच्या बिलावरच्या एका वेगळ्या ओळीतून. ती ओळ १ टक्क्याच्या मर्यादेबाहेरची. काउंटी हा पैसा गोळा करते आणि तो थेट कर्जफेडीला जातो. शाळेच्या रोजच्या खर्चाला त्यातला एक डॉलरही मिळत नाही.

५५ टक्क्यांच्या सवलतीबरोबर अटी आल्या. कोणती कामं करणार याची यादी आधी द्यायची. दरवर्षी कामाचं आणि हिशेबाचं असं दुहेरी लेखापरीक्षण करायचं. नागरिकांची देखरेख समिती नेमायची आणि तिच्यात करदात्यांच्या संघटनेचा, ज्येष्ठ नागरिकांचा, व्यापाऱ्यांचा, पालकांचा प्रतिनिधी घ्यायचा. डिस्ट्रिक्टचे नोकर आणि ठेकेदार त्या समितीवर चालत नाहीत. युनिफाइड, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल सगळ्या शाळा चालवणाऱ्या, डिस्ट्रिक्टमध्ये एका प्रस्तावाचा कर १ लाख डॉलर करपात्र किमतीमागे ६० डॉलरच्या वर जाईल असा अंदाज असेल, तर रोखे काढता येत नाहीत. आणि शेवटची अट, सगळ्यात महत्त्वाची: या पैशातून शिक्षकांचे पगार द्यायचे नाहीत.

या शेवटच्या अटीमागे शहाणपण आहे. तीस वर्षांचं कर्ज काढून या महिन्याचा पगार दिला, तर आज पहिलीत असलेलं मूल चाळिशीकडे झुकेपर्यंत ते कर्ज फेडत राहील. इमारत मात्र तीस वर्षं वापरात असते, तेव्हा तिचा भार तीस वर्षांवर पसरवणं रास्त आहे. माझी तक्रार या अटीबद्दल नाही. तक्रार आहे ती पगारासाठी ठेवलेल्या दुसऱ्या दाराबद्दल. तिकडे येतोच, पण त्याआधी या कर्जाने काय घडवलं ते सांगायला हवं, कारण ते फार मोठं आहे.

तीन पाळ्यांतली शाळा

विसाव्या शतकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या मध्य, पूर्व आणि दक्षिण भागात मुलांची संख्या वाढत होती आणि नव्या शाळा बांधायला पैसा नव्हता. स्थलांतरितांच्या, बहुतेक लॅटिनो, वस्त्यांतल्या शाळा तुडुंब भरल्या. मग वर्षभर चालणारी शाळा आली. मुलांचे तीन गट करायचे, दोन गट शाळेत आणि एक सुट्टीवर, असं चक्र बारा महिने फिरवायचं. सकाळची आणि दुपारची पाळी आपल्याला ठाऊक आहे, तिथे पाळी महिन्यांची होती. यातल्या 'कॉन्सेप्ट सिक्स' नावाच्या वेळापत्रकात मुलांना वर्षाला १८० ऐवजी १६३ दिवसच शाळा मिळे. तास भरून काढायला रोजची वेळ थोडी वाढवत. एखादा गट परीक्षेच्या तोंडावर सुट्टीवर असे. शिक्षकाला स्वतःची वर्गखोली नसे, खोकी उचलून दर काही आठवड्यांनी दुसऱ्या खोलीत जावं लागे. आणि तरीही जागा पुरेना, म्हणून हजारो मुलांना बसमध्ये घालून दूरच्या वस्तीतल्या शाळेत न्यायचे.

नोव्हेंबर १९९६ मध्ये 'प्रपोझिशन बीबी' मतदारांपुढे आलं. तेव्हा ५५ टक्क्यांची सवलत नव्हती. प्रस्तावाला भक्कम बहुमत मिळालं, पण दोन तृतीयांशाला थोडक्यात कमी पडलं. म्हणजे हरला. एप्रिल १९९७ मध्ये तोच प्रस्ताव पुन्हा मांडला आणि सुमारे ७१ टक्के मतांनी २ अब्ज ४० कोटी डॉलर मंजूर झाले. पुढे २००२ मध्ये 'मेझर के' या स्थानिक प्रस्तावाने ३ अब्ज ३५ कोटी, २००४ मध्ये 'मेझर आर'ने ३ अब्ज ८७ कोटी, २००५ मध्ये 'मेझर वाय'ने जवळपास ४ अब्ज आणि २००८ मध्ये 'मेझर क्यू'ने ७ अब्ज. 'आर'ला दोन तृतीयांश मतं मिळाली नव्हती. जुना नियम असता तर तो पडला असता.

अकरा वर्षांत पाच होकार आणि २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम. त्यात राज्याच्या बांधकाम निधीचा वाटा मिळाला आणि डिस्ट्रिक्टने १३० हून अधिक नव्या शाळा बांधल्या. दरम्यान २००४ मध्ये शाळांच्या दुरवस्थेबद्दलच्या 'विल्यम्स' खटल्यात तडजोड झाली आणि कॉन्सेप्ट सिक्स २०१२ पर्यंत बंद करायचं राज्याने मान्य केलं. पाळ्या संपल्या. बस संपल्या. मूल चालत जाईल अशा अंतरावर शाळा आली. एका मोठ्या शहराने, ज्यात बहुसंख्य मतदारांच्या घरात शाळेत जाणारं मूल नव्हतं, दुसऱ्यांच्या मुलांसाठी स्वतःच्या करात वाढ मागून घेतली. अमेरिकेबद्दल काहीही मत असो, हे वाचून आदर वाटायला हवा.

यात चुकाही झाल्या. २०१० मध्ये कोरियाटाउनमध्ये रॉबर्ट एफ. केनेडी यांच्या नावाचं शाळासंकुल उघडलं, जिथे त्यांना गोळी लागली त्या अॅम्बॅसिडर हॉटेलच्या जागेवर. ५७.८ कोटी डॉलर लागले आणि देशभर टीका झाली. २०१३ मध्ये डिस्ट्रिक्टने सगळ्या मुलांना आयपॅड द्यायची सुमारे १ अब्ज ३० कोटी डॉलरची योजना आखली, रोख्यांच्याच पैशातून. चार-पाच वर्षांत जुनं होणारं यंत्र आणि पंचवीस वर्षांचं कर्ज, हे गणित मुळातच चुकलेलं होतं. खरेदीच्या पद्धतीवर प्रश्न उठले, योजना गुंडाळली गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये एफबीआयने कागदपत्रांच्या वीस पेट्या उचलून नेल्या. पुढे कुणावर आरोप ठेवले गेले नाहीत. पण मतदाराच्या मनात जे बसायचं ते बसलं.

माणसांसाठीचं दार

आता ते दुसरं दार. कॅलिफोर्नियात स्थानिक मतदारांच्या मंजुरीने शिक्षकांच्या पगाराला पैसा उभा करायची एकच रुळलेली वाट आहे: पार्सल टॅक्स. घराच्या किमतीवर कर लावायला प्रपोझिशन १३ची मनाई, म्हणून जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर ठरावीक रक्कम किंवा बांधकामाच्या चौरस फुटावर दर लावायचा. डिस्ट्रिक्टच्या मंडळाने असा प्रस्ताव मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात. इथे ५५ टक्क्यांची सवलत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी सहा दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत पगार होता, पण वर्गातली मुलांची संख्या कमी करा, प्रत्येक शाळेत पूर्णवेळ नर्स द्या, ग्रंथपाल द्या, याही होत्या. बऱ्याच शाळांत नर्स आठवड्यातून एखाददुसरा दिवस येई. पावसात मोर्चे निघाले, शहर शिक्षकांच्या बाजूने उभं राहिलं, तडजोड झाली. ती निभावायला पैसा हवा म्हणून पाच महिन्यांत 'मेझर ईई' आलं: बांधकामाच्या चौरस फुटामागे १६ सेंट, बारा वर्षं. दीड हजार चौरस फुटांच्या घराला वर्षाला २४० डॉलर. मोठ्या गोदामांना आणि उंच कार्यालयांना अर्थातच पुष्कळ जास्त. शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने आणि करदात्यांच्या संघटनेने विरोध केला. जूनमधली आडवेळची निवडणूक, मतदान अगदी तुरळक. दोन तृतीयांश सोडाच, निम्मीही मतं मिळाली नाहीत.

म्हणून सगळा दोष अटीला देता येणार नाही, हे मान्य करायला हवं. साधं बहुमत पुरलं असतं तरी ईई पडला असता. पण अटीचा परिणाम मतमोजणीच्या रात्रीपुरता नसतो. ६७ टक्के मिळवणं जवळपास अशक्य दिसलं की बहुतेक मोठी शहरं पगारासाठी विचारायलाच जात नाहीत. बांधकामासाठी विचारतात, कारण तिथे जिंकता येतं. हळूहळू मतदारालाही सवय लागते की शाळेला मदत म्हणजे इमारत. नवी इमारत रस्त्यावरून दिसते, तिचा फोटो निघतो. वर्गात पस्तीसऐवजी पंचवीस मुलं आहेत हे रस्त्यावरून दिसत नाही.

पार्सल टॅक्स सगळीकडे हरतो असं नाही. बर्कलीने १९८६ पासून तो टिकवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रत्येक जमिनीच्या तुकड्यामागे २८८ डॉलरचा कर शिक्षकांच्या पगारासाठी मोठ्या बहुमताने मंजूर केला. पण नकाशावर पाहिलं तर असे कर मुख्यत्वे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आसपासच्या सुखवस्तू, सुशिक्षित भागांत गोळा झालेले दिसतात. सेरानो खटल्याने जी विषमता पुढच्या दाराने घालवली, ती मागच्या दाराने थोडी थोडी परत येते.

कोण भरतं, कोण ठरवतं

इमारतीच्या रोख्यांतही ही विषमता आहेच. डिस्ट्रिक्टचं एकूण कर्ज त्याच्या हद्दीतल्या करपात्र संपत्तीच्या ठरावीक टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ज्या गावात कंपन्यांची मुख्यालयं आहेत तिथे तेवढे टक्के म्हणजे प्रत्येक मुलामागे लाखो डॉलर. शेतमजुरांच्या गावात तेवढ्याच टक्क्यांत एका शाळेचं छप्पर धड होत नाही. लोकांनी शंभर टक्के होकार दिला तरी नाही. राज्याच्या मदतीतही स्थानिक वाटा आधी उभा करावा लागतो, त्यामुळे ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने मंजूर केलेल्या १० अब्ज डॉलरच्या 'प्रपोझिशन २'मध्ये गरीब डिस्ट्रिक्टांना किंचित झुकतं माप आहे. ते अगदीच थोडं आहे, असं माझं मत आहे.

एकाच गल्लीत काय होतं तेही बघा. समजा दोन सारखी घरं आहेत. एक १९७५ पासून त्याच कुटुंबाकडे, तेव्हाची किंमत ५० हजार डॉलर. वर्षाला २ टक्के वाढत पन्नास वर्षांनी तिची करपात्र किंमत सुमारे १ लाख ३५ हजार होते. शेजारचं घर एका तरुण जोडप्याने परवा १० लाखांना घेतलं. २०२४ च्या रोख्यांसाठी डिस्ट्रिक्टचा अंदाज १ लाखामागे सुमारे २५ डॉलरचा होता. पहिल्या घराला वर्षाला ३४ डॉलर, दुसऱ्याला २५०. भिंत सारखी, अंगण सारखं. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या जागांनाही हाच फायदा मिळतो, कारण त्या क्वचितच विकल्या जातात. व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावायचा 'प्रपोझिशन १५' नोव्हेंबर २०२० मध्ये ५२ टक्के विरोधी मतांनी पडला.

आणि मत कोणाचं? इथे कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसांचा थेट संबंध येतो. फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजे इथे एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी घरं घेतली आहेत, तीही अलीकडच्या किमतीला. डिसेंबर आणि एप्रिलच्या १० तारखेच्या आत भरायच्या कराच्या बिलात शाळांच्या रोख्यांच्या चार-पाच ओळी असतात. त्यांची मुलं त्याच शाळांत जातात. पण नागरिकत्व नाही म्हणून या प्रस्तावांवर मत नाही. उलट, भाड्याने राहणाऱ्या नागरिकाला मत आहे, जरी बिल घरमालकाच्या नावे येत असलं तरी. हे मुद्दाम ठरलेलं आहे. १९७० मध्ये फीनिक्स शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रोख्यांवरचं मतदान फक्त मालमत्ताधारकांपुरतं ठेवता येणार नाही. भाडेकरूही भाड्यातून तो कर भरतोच, आणि शाळा त्याच्याही आहेत. मला हा निकाल पटतो.

दुसरा एक निकाल पटायला जड जातो. वेस्ट व्हर्जिनियात शाळांच्या रोख्यांना साठ टक्के मतं लागत. बहुमत मिळूनही प्रस्ताव पडल्यावर लोक कोर्टात गेले: माझ्या 'हो'ची किंमत शेजाऱ्याच्या 'नाही'पेक्षा कमी का? १९७१ मध्ये 'गॉर्डन विरुद्ध लान्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. कर्ज पुढच्या पिढीवर पडतं, तेव्हा जास्त सहमती मागायला हरकत नाही, असा युक्तिवाद. कर्जाबाबत तो समजू शकतो. पण पार्सल टॅक्स हे कर्ज नाही, तो आजच्या लोकांनी आज भरायचा कर आहे. तरी कॅलिफोर्नियात कर्जाला ५५ आणि कर्ज नसलेल्याला ६७. भावी पिढीची काळजी हेच कारण असेल, तर आकडे नेमके उलटे हवेत.

आपल्याकडचं बिल

महाराष्ट्रात महापालिकेच्या हद्दीत मालमत्ता कराचं बिल काढून बघा. त्यातही शिक्षण कराची ओळ असते. १९६२ च्या शिक्षण आणि रोजगार हमी उपकर कायद्याने ती आली. ती लावताना कुणी तुम्हाला-मला मत विचारलं नाही, विधिमंडळाने ठरवलं. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हाही मतदान नव्हतं. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो आणि छप्पर, रंग, संगणक यांच्यासाठी मुख्याध्यापक लोकसहभागाकडे बघतात. ज्या गावाची मुंबई-पुण्यात नोकरी करणारी माणसं सढळ, त्या गावची शाळा सजते. वाडीवरची तशीच राहते. मार्ग निराळा आहे, पण स्थानिक ऐपतीवर सोडलं की काय होतं ते दोन्हीकडे सारखंच आहे.

मत देण्याआधी काय वाचायचं

कॅलिफोर्नियात ज्यांना मत आहे, त्यांच्या घरी निवडणुकीआधी माहितीची पुस्तिका येते. त्यात १ लाखामागे किती डॉलर, एवढंच बघून थांबू नये. एकूण परतफेड किती, तो आकडा शोधावा. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर उसने घेतले. कराचा दर वाढवणार नाही असं वचन दिलेलं होतं, म्हणून वीस वर्षं फेडच सुरू करायची नाही असे रोखे काढले. व्याजावर व्याज चढून एकूण परतफेड ९८ कोटींच्या घरात गेली. दोनच वर्षांनी राज्याने कायदा केला की अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणि मुदत पंचवीस वर्षांवर जाता कामा नये.

मग कामांची यादी वाचावी. 'सर्व शाळांचं आधुनिकीकरण' असं मोघम लिहिलं आहे, की शाळेचं नाव आणि काम लिहिलं आहे? देखरेख समितीचे मागचे अहवाल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतात, त्यात मागच्या रोख्यांतलं काय पुरं झालं ते कळतं. प्रचाराला पैसे कोणी दिले तेही जाहीर असतं. डिस्ट्रिक्टला सरकारी पैशातून प्रचार करायची बंदी आहे, म्हणून तो खर्च बऱ्याचदा बांधकाम कंपन्या, वास्तुविशारद आणि कामगार संघटना करतात. त्यात बेकायदा काही नाही, पण माहीत असावं.

आणि पटसंख्या बघावी. लॉस एंजेलिस युनिफाइडमध्ये २००२-०३ च्या सुमारास सात लाखांहून अधिक मुलं होती, आता चार लाखांच्या आसपास आहेत. घरं महागली, कुटुंबं शहराबाहेर गेली, जन्मदर घटला, काही मुलं सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांत गेली. राज्याचा पैसा उपस्थितीवर मिळतो, म्हणून मूल कमी झालं की शिक्षकाचा पैसाही घटतो. इमारतीची फेड मात्र मुलांच्या संख्येवर अवलंबून नाही. २०२४ च्या ९ अब्जांतून गळकी छपरं बदलणं, भूकंपात टिकतील अशा इमारती करणं, डांबरी मैदानांवर झाडं लावणं ही कामं व्हायची आहेत. उन्हात तापणाऱ्या मैदानावर खेळणाऱ्या मुलाला सावली मिळणार असेल तर मी त्या प्रस्तावाला हो म्हटलं असतं. पण त्या झाडांना पाणी घालणारा माळी आणि नव्या ग्रंथालयात बसणारा ग्रंथपाल रोख्यांच्या पैशातून ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, येणाऱ्या रकमेची वाट बघायची, किंवा पुन्हा एकदा दोन तृतीयांश मतदारांकडे जायचं.